सुंदरेसन यांच्यासारख्या नियुक्त्या आता अडवू नका

फेरशिफारस झालेली नावे अडवून धरू नका, त्यामुळे उमेदवारांची ज्येष्ठता बिघडते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमने २१ मार्च २०२३ च्या ठरावात केंद्र सरकारला स्पष्ट बजावले होते. ठराव मद्रास उच्च न्यायालयाच्या नियुक्त्यांचा असला, तरी आपल्या मुंबईतले वकील सोमशेखर सुंदरेसन यांचेही नेमके हेच झाले होते.

तारखाच पाहा. न्यायमूर्तिपदासाठी मुंबई उच्च न्यायालयाची शिफारस ४ ऑक्टोबर २०२१ ची, सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमची १६ फेब्रुवारी २०२२ ची. त्याच यादीतल्या इतर वकिलांनी जुलै २०२२ मध्ये शपथ घेतली आणि ते कामालाही लागले. सुंदरेसन यांचे नाव मात्र २५ नोव्हेंबर २०२२ ला फेरविचारासाठी परत आले. आक्षेप काय, तर न्यायप्रविष्ट विषयांवर त्यांनी समाजमाध्यमांत मते मांडली. १८ जानेवारी २०२३ ला कॉलेजियमने तो आक्षेप फेटाळला. मत मांडणे हा अनुच्छेद १९ ने दिलेला हक्क आहे आणि उमेदवार सक्षम व सचोटीचा असेल तर त्या हक्काच्या वापराने तो अपात्र ठरत नाही, हे कॉलेजियमने लेखी कळवले.

दुसऱ्या न्यायाधीश खटल्यापासून, म्हणजे १९९३ पासून, फेरशिफारस सरकारवर बंधनकारक आहे. एकमताने फेरशिफारस झाली की तीन ते चार आठवड्यांत नियुक्ती व्हावी, अशी मुदतही सर्वोच्च न्यायालयाच्या पीएलआर प्रोजेक्ट्स खटल्यातील आदेशाने एप्रिल २०२१ मध्ये घालून दिली. सुंदरेसन यांच्याबाबत ती फेब्रुवारी २०२३ मध्येच उलटली. व्यापारी दाव्यात आपला लेखी जबाब मुदतीत आला नाही तर तो दाखल करण्याचा हक्क जातो. विधी मंत्रालयाने मुदत चुकवली तर काहीच होत नाही, फाइल नुसती पडून राहते. हे चालू देता कामा नये.

आणि अडले होते कोण? पत्रकारितेतून वकिलीत आलेला, रोखे कायद्यात देशात अग्रगण्य मानला जाणारा वकील. २०११ ची टेकओव्हर नियमावली ज्या अच्युतन समितीच्या अहवालातून आली, तिचे सुंदरेसन सदस्य होते. खुल्या प्रस्तावाची मर्यादा १५ वरून २५ टक्क्यांवर गेली ती याच नियमावलीने. सेबीचे मुख्यालय मुंबईत असल्याने तिच्या आदेशांविरुद्धच्या रिट याचिका आपल्याकडे येतात. त्यात व्यापारी न्यायालय कायद्याच्या कलम १३ ची आणि लवाद कायद्याच्या कलम ३७ ची अपिले. खाती गोठवणारा एकतर्फी अंतरिम आदेश घेऊन ब्रोकर धावत येतो तेव्हा मार्जिन आणि तारण ठेवलेले शेअर यांचा व्यवहार समजावण्यातच सुनावणीचा बराच वेळ जातो. तो व्यवहार मुळापासून जाणणारा न्यायमूर्ती खंडपीठावर असला, तर युक्तिवाद पहिल्याच मिनिटाला मुद्द्यावर येईल. व्यापारी आणि रोखे कायद्याची प्रकरणे मोठ्या संख्येने असलेल्या या न्यायालयाला सुंदरेसन मोलाचे ठरतील, असे कॉलेजियमनेही म्हटले होते.

२ मार्च २०२३ ला अदानी-हिंडेनबर्ग प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने न्या. अभय सप्रे यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. तिच्यावर सुंदरेसन होते. शेअर बाजाराच्या त्या वेळच्या सर्वांत नाजूक चौकशीसाठी जो माणूस विश्वासाचा, तो न्यायमूर्तिपदासाठी संशयाचा कसा?

अशा दिरंगाईने बार पोखरला जातो. कर्नाटकचे आदित्य सोंधी फेरशिफारशीनंतरही महिनोन्महिने थांबले आणि २०२२ मध्ये त्यांनी संमती मागे घेतली. संमती दिलेल्या वकिलाला धड नवे ब्रीफ घेता येत नाही, पक्षकार दुसरीकडे वळतात. ऐन भरातली वकिली सोडायला मग पुढच्या वेळी चांगला वकील कशाला तयार होईल? ९४ मंजूर पदांच्या आपल्या न्यायालयाला ही गळती परवडणारी नाही.

एवढे होऊनही आपल्या बहुतेक वकील संघटना गप्प राहिल्या. बाररूममध्ये हळहळून काही होणार नाही. जिल्हा आणि तालुका संघांनी येत्या सर्वसाधारण सभेत ठराव करावा, त्यात वरच्या तारखा घालाव्यात, पीएलआर आदेशाचा हवाला द्यावा आणि प्रत विधी मंत्रालयाला रजिस्टर्ड पोस्टाने पाठवावी. उमेदवाराची राजकीय मते आपल्याला पटोत वा न पटोत, ठराव करा. २०२३ मध्ये सुंदरेसन अडले होते, उद्या तुमच्या बारमधला वकील अडेल.