परदेशी शिक्षण : आधी हिशेब, मग सामान

बार्शीसारख्या तालुक्याच्या गावातून परदेशी विद्यापीठात जाणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. प्रवेशपत्र हाती पडले, की घरात पारपत्र, व्हिसा, लोकरी कपडे आणि चटण्या-लोणची यांची धांदल उडते. ही तयारी हवीच. परंतु शिक्षण तडीस जाणे ज्या तयारीवर अवलंबून असते ती पैशाची होय, आणि नेमकी तीच बहुधा पहिल्या वर्षापुरती केली जाते.

या बाबतीत डॉ. आंबेडकरांचे उदाहरण विचार करण्याजोगे आहे. १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनमध्ये अध्ययन चालू असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीतून साठविलेले पैसे आणि शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. अशा प्रज्ञावंताचीही तीन वर्षे पैशापायी गेली. मग सामान्य विद्यार्थ्याची कथा काय?

त्यांच्या लंडनमधील डी.एस्सी.च्या प्रबंधाचा विषय रुपयाचा प्रश्न हाच होता. आजच्या पालकापुढेही तोच प्रश्न आहे. २०२४ अखेर डॉलरला ८५ रुपयांच्या आसपास पडत होते. २०२५ अखेर हा भाव ९० च्या घरात गेला. म्हणजे २०,००० डॉलरचे शुल्क तेच राहूनही बोजा जवळजवळ लाखाने वाढला. परदेशांच्या अटी मात्र पहिल्या वर्षापुरत्याच बोलतात. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून निर्वाहासाठी ११,९०४ युरो, तर कॅनडाने सप्टेंबर २०२५ पासून शुल्काखेरीज २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखविण्यास सांगितले. तेवढी रक्कम उभी राहिली, की काम फत्ते झाले असा समज होतो.

आमच्या भागात कुटुंबाची मत्ता शेतीत असते. साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जास बँका सामान्यतः तारण मागतात. परंतु थकबाकीपोटी तारण परस्पर ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना देणारा २००२ चा कायदा शेतजमिनीस लागू नाही. साहजिकच अशी जमीन तारण घेण्यास त्या नाखूष असतात. मग राहते घर गहाण पडते, जमीन विकावी लागते किंवा सावकाराचे दार गाठावे लागते. शिवाय शिक्षण चालू असताना हप्ता नसला, तरी व्याज थांबत नाही.

तेव्हा अर्ज करण्यापूर्वी तीन आकडे कागदावर मांडावेत : रुपया आणखी दहा टक्के घसरला असे धरून संपूर्ण अभ्यासक्रमाचा खर्च; शिक्षण संपेपर्यंतचे व्याज; आणि पदवीनंतर वर्षभर नोकरी न मिळाल्यास हप्ता कोठून भरणार, याचे उत्तर. डॉलरमधील पगार मिळाल्यास कर्ज लवकर फिटते हे खरे. परंतु न मिळालेल्या पगारावर घर गहाण ठेवणे हा व्यवहार नव्हे. महाविद्यालयांनी आणि बँकांच्या शाखांनी हा हिशेब पालकांबरोबर बसून करावा. तो जुळत नसेल, तर वर्ष-दोन वर्षे थांबण्यात कमीपणा नाही.