गुलाम वजीर झाला, बाजार राहिला

चौलच्या वाड्यांत आज नारळी-पोफळीखेरीज फारसे काही दिसत नाही. परंतु सोळाव्या शतकात हे निजामशाहीचे नावाजलेले बंदर होते. पलीकडे पोर्तुगिजांचे चौल. १५७०-७१ मध्ये मूर्तजा निजामशहाने त्याला वेढा घातला, पण ते हाती आले नाही. या मूर्तजाचा वजीर चंगेजखान स्वतः पूर्वीचा हबशी गुलाम होता. आणि त्याने विकत घेतलेला हबशी म्हणजे मलिक अंबर.

१६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतले, तेव्हा अंबरने राजवंशातील एकाला गादीवर बसविले. राजा नावाचा, कारभार अंबरचा. रोमच्या पडत्या काळात स्टिलिको, रिसिमर यांनीही सम्राटाआडून सत्ता चालविली. त्यांपैकी स्टिलिकोचा ४०८ मध्ये शिरच्छेद झाला. अंबर मात्र १६२६ मध्ये मरेपर्यंत टिकला. याचे श्रेय केवळ गनिमी काव्याला देणे अपुरे आहे. जमिनीचा कस आणि पीक पाहून त्याने सारा ठरविला, इजारदारांना दूर केले. १६२४ मध्ये भातवडीला मोगल-आदिलशाही फौजा मोडल्या, त्या शहाजीराजांसारख्या मराठा सरदारांच्या व त्यांच्या स्वारांच्या बळावर.

तरीही ‘आपला माणूस मंत्रालयात पोचला’ म्हणून हुरळणाऱ्या कार्यकर्त्यांनी पुढचे वाचावे. अंबर पेशवा झाला, पण गुलामांचा बाजार उठला नाही. त्याच्या स्वतःच्या फौजेतही विकत घेतलेले हबशी होते. त्याच्यामागून दहा वर्षांनी, १६३६ मध्ये, निजामशाही बुडाली.