ईदी कुणाची?

गेल्या ईदला वर्ध्याला घरी गेलो होतो. माझ्या सात वर्षांच्या मुलीकडे दादीने, चाचांनी, मामूंनी दिलेली ईदी जमली होती. रिक्षावाल्याला द्यायला माझ्याकडे सुटे नव्हते, म्हणून तिच्याकडून दोनशे रुपये घेतले. ‘घरी गेल्यावर देतो,’ म्हणालो आणि विसरलो. महिन्याभराने तिने विचारलं, ‘अब्बू, माझे पैसे खर्च झाले ना?’ ते परत मिळतील, ही अपेक्षाच तिने सोडली होती. उसनवारीचा पहिला धडा तिला माझ्याकडूनच मिळाला, आणि तो चुकीचा होता.

आपल्या अनेक घरांत हेच चालतं. ‘सांभाळून ठेवायला’ घेतलेली ईदी किराण्यात जाते. हीच मुलं पुढे हप्त्यावर महागडा फोन घेतात किंवा कर्ज देणाऱ्या अ‍ॅपवरून पैसे उचलतात, तेव्हा आपण त्यांना दोष देतो. आमच्या लहानपणी दुकानदाराची उधारीची वही निदान डोळ्यांना दिसायची. आजच्या मुलाला दिसतो तो फक्त कोड स्कॅन करणारा फोन. पैसे कुठून आले आणि किती उरले, हे त्याला कोण सांगणार?

याचं एक उत्तर वर्ध्यातच सापडतं. ऑक्टोबर १९३७ मध्ये इथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन, पुढे देशाचे राष्ट्रपती झाले ते. मातृभाषेतून आणि हातांनी काम करत शिक्षण, ही ‘नई तालीम’ची दिशा त्यांच्या अहवालाने आखून दिली. मात्र कामाच्या कमाईकडेच लक्ष दिलं तर शिक्षण मागे पडेल, असा इशाराही त्यात होता. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत मुलं आजही शेतीत आणि स्वयंपाकघरात काम करत शिकतात.

घरातला पैसाही असाच, प्रत्यक्ष व्यवहारातून शिकवता येतो. बाजारात जाण्याआधी मुलाला यादी करू द्या: एका बाजूला ‘लागतं’, दुसऱ्या बाजूला ‘हवंसं वाटतं’. त्याच्या पैशांतून त्याने फालतू खेळणं घेतलं, तर रागावू नका आणि लगेच नवे पैसेही देऊ नका. भांडी आवरण्याचे पैसे मात्र देऊ नका. घरातलं काम सगळ्यांचंच असतं.

कर्जही लपवू नका. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता. कर्जाची गोष्ट घरात दबक्या आवाजात बोलली जाते आणि मुलांपर्यंत फक्त भीती पोचते. त्याऐवजी सरळ सांगा, ‘या महिन्यात घराचा हप्ता आहे, सायकल दिवाळीनंतर बघू.’ मग त्याच रात्री बाहेरून बिर्याणी मागवू नका. मुलं हिशेब करतात.

देण्याघेण्याची लेखी नोंद करा, असं सांगणारी आयत कुरआनातली सर्वांत मोठी आयत आहे. ही शिकवण आपण मोठ्या व्यवहारांपुरती ठेवतो. आमच्या घरी आता एक साधी वही आहे. त्यात पहिली नोंद माझ्या नावावर होती: दोनशे रुपये. पैसे दिल्यावर मुलीने स्वतः त्यावर रेघ मारली.

तुमच्याकडेही धाकट्या भावाची, बहिणीची, भाच्याची ईदी ‘सांभाळायला’ असेल. आधी ती परत करा, मग बचतीवर बोला.