प्रयोगवहीत अडकलेले रसायनशास्त्र

गंजलेल्या खिळ्याचे वजन वाढते की घटते, असे दहावीच्या वर्गात विचारून पाहावे. घटते, असे सांगणारी मुले थोडी नसतात. त्यांतलीच काही लोखंडाच्या ऑक्सिडीकरणाचे समीकरण फळ्यावर बिनचूक संतुलित करतात. गंज खरवडला नाही तर वजन वाढलेलेच भरते, कारण हवेतला ऑक्सिजन आणि पाणी लोखंडाला येऊन मिळालेले असते. समीकरण पाठ आहे, घटना उमगलेली नाही.

ग्लासगो विद्यापीठातील अ‍ॅलेक्स जॉनस्टन यांनी 1991 मध्येच ही अडचण नेमकी मांडली होती. रसायनशास्त्र तीन पातळ्यांवर चालते: डोळ्यांना दिसणारा बदल, न दिसणारे अणू-रेणू आणि कागदावरची चिन्हे. जाणकार या तिन्हींत सहज वावरतो. नवख्या मुलावर मात्र तिन्ही एकदम कोसळतात. आपल्याकडे तर पहिली पातळी बहुधा गाळलीच जाते. दहावीला विज्ञानाच्या 100 गुणांपैकी 20 प्रात्यक्षिकाचे. ते कित्येकदा निरीक्षणे उतरवून काढलेल्या प्रयोगवहीवरच मिळतात. मग मुलांना या विषयाची ओढ लागावी कुठून?

त्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. शहाबादी फरशीच्या तुकड्यावर लिंबू पिळले की बुडबुडे येतात, हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. असे का, हे मूल आपणहून विचारते आणि अणू-रेणूंची गोष्ट तिथूनच सुरू करता येते. शिक्षण मंडळाने प्रात्यक्षिकाचे गुण वहीवर नव्हे, तर मुलाने स्वतः केलेल्या प्रयोगावर आणि त्याने सांगितलेल्या कारणावर द्यावेत.