दोन पडदे कीं एकच मोठा ?

घरांत एखादी नवी वस्तु आणावयाची असली, म्हणजे तिच्या किंमतीचा विचार सर्वजण करितात. परंतु ती कोणाच्या हातीं रहावयाची, दिवसांतून किती तास वापरली जावयाची आणि तिजवांचून कोणाचें काय अडतें, याचा विचार करणारे थोडेच आढळतात. नुकताच एका एकत्र कुटुंबांत असाच एक प्रश्न आमचेपुढें मांडण्यांत आला. घरांतील धाकटी सून मराठी पुस्तकांची व दिवाळी अंकांची मांडणी आणि मुखपृष्ठें घरीं बसून संगणकावर तयार करिते. लॅपटॉपच्या चौदा इंची पडद्यावर आठ आठ तास वांकून तिची मान व डोळे दुखूं लागले, तेव्हां स्वतंत्र मॉनिटर आणण्यास सासऱ्यांनीं संमति दिली. वाद निघाला तो पुढेंच. चोवीस इंचांचे दोन मॉनिटर शेजारीं शेजारीं ठेवावे, कीं बत्तीस इंचांचा एकच घ्यावा ? थोरल्या जाऊबाईंचें मत दोनांचें, दिरांचें एकाचें, आणि आजेसासूबाईंनीं तर "एका माणसाला दोन पडदे हवेत कशाला?" असा मुळावरच घाव घातला.

आजेसासूबाईंचा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं; त्याचें उत्तर आधीं दिलें पाहिजे. जुन्या संस्कृत पोथ्या ज्यांनीं पाहिल्या असतील, त्यांस 'त्रिपाठ' पद्धतीचें लेखन ठाऊक असेल. पत्राच्या मध्यभागीं मूळ ग्रंथ, आणि त्याच्या वर व खालीं बारीक अक्षरांत टीका. वाचणाऱ्याची दृष्टि मुळावरून टीकेवर आणि टीकेवरून पुन्हा मुळावर न अडखळतां जावी, हा त्यांतील हेतु. टीका निराळ्या पोथींत असली, म्हणजे मात्र दोन पोथ्या उघडूनच बसावें लागे. मांडणीच्या कामांत या दोन्ही गरजा एकदम असतात. मध्यें पान, आणि त्याच्या कडेनें रंगांच्या, अक्षरांच्या व थरांच्या पट्ट्या, हा झाला त्रिपाठ. तर लेखकाचें हस्तलिखित, मुद्रितशोधकाच्या दुरुस्त्या आणि प्रकाशकाचें पत्र ही झाली दुसरी पोथी. लहान पडद्यावर हें सारें एकमेकांखालीं झांकलें जातें, व काम करणाऱ्याचा निम्मा वेळ उघडझांप करण्यांतच जातो. सारांश, दोन पडदे मागणें ही चैन नव्हे.

आतां मापें घेऊं. मॉनिटरचें जें माप दुकानदार सांगतो, तें कर्णाचें असतें. आजकालच्या नेहमींच्या १६ : ९ या प्रमाणाचा २४ इंची पडदा सुमारें ५३ सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच भरतो, ३२ इंची पडदा ७१ सेंटिमीटर रुंद व ४० सेंटिमीटर उंच. क्षेत्रफळ काढलें, तर दोन लहान पडदे मिळून सुमारें ३,१८० चौरस सेंटिमीटर होतात, आणि एक मोठा सुमारें २,८२०. म्हणजे केवळ जागेच्या हिशोबानें जाऊबाईंचा पक्ष बलवत्तर ठरतो.

परंतु ती जागा कोणत्या आकारानें मिळते, हें अधिक महत्त्वाचें. ए-फोर आकाराच्या अंकाचीं समोरासमोरचीं दोन पानें उघडलीं, म्हणजे ४२ सेंटिमीटर रुंदी व २९·७ सेंटिमीटर उंची लागते. २४ इंची पडद्याची सगळी उंचीच तेवढी. त्यांतून वरची पट्टी वजा जातां हीं पानें खऱ्या आकारांत मावतच नाहींत. शेजारीं दुसरा पडदा ठेवल्यानें रुंदी वाढते, उंची वाढत नाहीं. आणि दोहोंमधील चौकटीची रेघ जोडपानाच्या मधोमध घेऊन काम करणें कोणासही रुचणार नाहीं. ३२ इंची पडद्यावर तींच पानें खऱ्या आकारांत मावून वर दहा सेंटिमीटर उंची व सुमारें एकोणतीस सेंटिमीटर रुंदी पट्ट्यांसाठीं शिल्लक राहते.

दुसरी गोष्ट बारकाव्याची. पडदा ज्या सूक्ष्म बिंदूंचा बनतो, त्यांस पिक्सेल म्हणतात. १९२० × १०८० बिंदूंच्या २४ इंची पडद्यावर एका इंचांत सुमारें ९२ बिंदु येतात. ३८४० × २१६० बिंदूंच्या, म्हणजे ज्यास फोर-के म्हणतात त्या ३२ इंची पडद्यावर सुमारें १३८. आमच्या देवनागरीस हा फरक फार जाणवतो. जोडाक्षरांतील अर्धे वर्ण, रफार, अनुस्वाराचा टिंब हीं सर्व बारीक ठशांत प्रथम पुसट होतात, आणि अनुस्वार राहिला कीं गेला हें छापल्यावर कळून उपयोग नाहीं. मात्र येथें एक सावधगिरी हवी. ३२ इंची पण १९२० × १०८० बिंदूंचेच मॉनिटरही मिळतात. त्यांत इंचास अवघे ६९ बिंदु पडतात. स्वस्त म्हणून तो घेणें, म्हणजे लहान पडद्याहूनही ओबडधोबड अक्षर विकत घेणें होय.

तिसरी गोष्ट रंगांची. एकाच कंपनीच्या एकाच जातीच्या दोन मॉनिटरांवरही एकच तांबडा रंग तंतोतंत सारखा दिसेल, असा भरंवसा नसतो. रंगमापक उपकरण लावून दोन्ही जुळवितां येतात. पण तें काम अधूनमधून पुन्हा करावें लागतें. ज्यास मुखपृष्ठाचा रंग ठरवावयाचा आहे, त्यानें तो एकाच खात्रीच्या पडद्यावर ठरवावा, हें बरें.

दोन पडद्यांची चाल पडली तीही सकारण. अ‍ॅपल कंपनीच्या १९८७ सालच्या 'मॅकिंटॉश टू' या यंत्रास एकाहून अधिक पडदे जोडतां येत. विंडोजमध्यें ही सोय १९९८ सालीं आली. त्या काळीं मोठा पडदा म्हणजे काचेच्या नळीचें अवजड व महाग धूड असे; तेव्हां दुसरा पडदा जोडणें हाच सोयीचा मार्ग होता. आज तें कारण उरलें नाहीं, तरी दोन पडद्यांचे गुण उरलेच आहेत. एक बिघडला तर दुसऱ्यावर काम चालतें. आज एक व सहा महिन्यांनीं दुसरा असें पैसे बेतानें खर्चितां येतात. आणि एक उभा फिरवून त्यावर लांब हस्तलिखित वाचतां येतें. भाषांतर करणारे व हिशोब जुळविणारे यांस दोन पडदेच सोयीचे.

मानेचा विचारही केला पाहिजे. दोन पडदे सारखे मांडले, तर नेमकी सांध नाकासमोर येते व मान दिवसभर एका बाजूस वळलेली राहते. म्हणून मुख्य पडदा समोर व दुसरा कडेस तिरपा ठेवावा. पडदा हातभर दूर असावा व त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेवर किंवा किंचित् खालीं असावी. टेबल उथळ असलें, तर ३२ इंची पडदा फार जवळ येतो, व नजर चारी कोपऱ्यांकडे फिरवितां फिरवितां डोके दुखूं लागतें.

या सर्वांवरून आमचें मत असें पडलें कीं, मांडणीच्या कामास ३२ इंची फोर-के मॉनिटर एकच घ्यावा, आणि लॅपटॉप मिटून न ठेवतां शेजारीं उघडा ठेवावा. दुसरी पोथी त्यावर उघडतां येते. म्हणजे दुसरा पडदा घरांत आहेच, तो निराळा विकत घेण्याचें कारण नाहीं. घेण्यापूर्वीं संगणकाची शक्ति मात्र पहावी. एम-वन व एम-टू जातीच्या मॅकबुक एअर यंत्रांस बाहेरचा एकच पडदा जोडतां येतो. आणि एचडीएमआयच्या १·४ या जुन्या जोडणींतून फोर-के चित्र सेकंदास तीसच वेळां बदलतें, त्यामुळें माऊसचा बाण अडखळत चालतो.

आतां राहिला तो मुद्दा, जो त्या बैठकींत कोणींच काढला नाहीं. बत्तीस इंचांचा पडदा घरांत आला, कीं तो सर्वांच्या मालकीचा होतो. दिरांस त्यावर क्रिकेटचा सामना दिसतो, मुलांस चित्रपट. दोन लहान पडदे पाहून कामाची आठवण होते. मोठा पाहून करमणुकीची. जी सून स्वैंपाकघर सांभाळून रात्रीं अंकाचीं पानें लावते, तिला आपल्याच पडद्यासाठीं कोणाची मनधरणी करावी लागली, तर कोणताही मॉनिटर आणून काय उपयोग ? तेव्हां तो कोठें रहावा व किती वाजेपर्यंत त्यास कोणीं हात लावूं नये, हें पैसे देण्यापूर्वींच वडील माणसांनीं सांगून टाकावें.

त्यानंतर जुन्या पुठ्ठ्याचा ७१ × ४० सेंटिमीटरांचा एक तुकडा आणि ५३ × ३० चे दोन कापून टेबलावर एकेक दिवस उभे करून पहावे. खुर्चींत बसून कोणता बरा वाटतो, हें तिनें सांगावें. दिवसाचे आठ तास त्या खुर्चींत तीच बसणार आहे.