आज खत घातलंस का?

रात्रीचे साडेअकरा. नवरोबांचा अमेरिकेतल्या क्लायंटबरोबरचा कॉल नुकताच संपलेला, माझी उद्याची स्टोरी अजून अर्धीच. आणि आमच्या वाकडच्या वन बीएचकेमध्ये भांडण पेटलेलं. विषय? ईएमआय नाही, सासर-माहेर नाही, भांडी घासण्याची पाळीसुद्धा नाही. विषय फिशटँक!

"आज खत घातलंस का?"

"मी? आज तुझी पाळी होती."

"काल मी घातलं. मग आज तुझी."

"काल तर मी घातलं होतं!"

शांतता. म्हणजे काल डबल डोस आणि आज उपास.

आमचा टँक तसा साधा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. वाळू, दगड वजा जाता पन्नासेक लिटर पाणी. आठ-दहा निऑन टेट्रा, आणि बाकी सगळं हिरवं. प्लास्टिकची झाडं नाहीत हं, खरीखुरी पाणवनस्पतींची बाग. हे वेड लागलं ताकाशी अमानो या जपानी फोटोग्राफरमुळे. १९५४ मध्ये निइगाता इथे जन्मलेला हा माणूस आधी सायकल रेसर होता. नंतर त्याने काचेच्या टाकीत डोंगर, दऱ्या, कुरणं उभी करायला सुरुवात केली, १९८२ मध्ये कंपनी काढली आणि 'नेचर अॅक्वेरियम' ही स्टाइल जगभर नेली. २०१५ मध्ये तो गेला. त्याचे फोटो एकदा बघा, तुम्हीही फसाल!

फसल्यावर कळतं की या बागेला जेवण लागतं. झाडं भरपूर आणि मासे मोजके असले, की माशांच्या विष्ठेतून मिळणारं खत पुरत नाही. नायट्रेट, फॉस्फेट, पोटॅशियम आणि चिमूटभर लोह वगैरे वरून द्यावं लागतं. यातलं एक जरी कमी पडलं तरी वाढ अडते. झाडं थांबली, की वरचा लाइट फुकटचा वापरायला शेवाळ टपलेलंच असतं. थोडक्यात, खत हवं, आणि ते नियमित हवं. आता सांगा, ज्या घरात दोघांच्या जेवणाच्या वेळा नियमित नाहीत, तिथे झाडांच्या कुठून असणार?

त्या रात्रीनंतर नवरोबांनी जाहीर केलं, "ऑटोमेट करू या." आयटीवाल्याशी लग्न केलं की हे होणारच.

मग आले दोन छोटे बारा व्होल्टचे डोसिंग पंप. याची आयडिया झकास आहे. आत एक लवचीक नळी आणि तिला दाबत गोल फिरणारे रोलर. नळी दाबली जाते, आतलं पाणी पुढे सरकतं. टूथपेस्ट पिळतो तसंच. द्रव फक्त नळीला लागतो, पंपाच्या बाकी भागांना नाही. डायलिसिसच्या मशिनमध्ये रक्त फिरवणारा पंपही याच जातीचा.

पंप दोन कशाला? कारण फॉस्फेट आणि लोह एकाच बाटलीत कालवलं तर त्यांची आपसातच गट्टी जमते आणि तळाला साका बसतो. झाडांना काहीच मिळत नाही. म्हणून सोमवार-बुधवार-शुक्रवार नायट्रेट-फॉस्फेट-पोटॅशियम, मंगळवार-गुरुवार-शनिवार लोह आणि मंडळी, आणि रविवारी अर्धं पाणी बदलायचं. आठवडाभरात काही जादा साठलं असेल तर तेही पाण्याबरोबर जातं.

खरी गंमत टायमरची. भिंतीतल्या सॉकेटला लावायचा साधा डिजिटल टायमर एका मिनिटाच्या खाली येत नाही. आमचा पंप मिनिटाला ४० मिली फेकतो (सिरिंजने मोजलं, तीनदा!). आणि रेसिपीत डोस होता १० मिली. म्हणजे चौपट खत. नवरोबा नवा कंट्रोलर शोधायला बसले. मी म्हटलं, "अरे, सरबत गोड झालं तर आपण काय करतो? पाणी घालतो ना?" बस्स! अर्धा लिटर पाण्यात ५ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट आणि अर्धा ग्रॅम मोनोपोटॅशियम फॉस्फेट. यातले ४० मिली टाकीत पडले, की नायट्रेट लिटरमागे साधारण ५ मिलिग्रॅमने वाढतं आणि फॉस्फेट अर्ध्या मिलिग्रॅमने. आमच्यासारख्या साध्या टाकीला तेवढं पुष्कळ. एका बाटलीत बारा डोस, म्हणजे चार आठवडे निवांत.

आणि खरंच निवांत गेले. सकाळी आठला घुर्रर्र आवाज यायचा, मी कुशीवर वळायचे. भांडणं बंद, फ्रिजवरची चिठ्ठी बंद. हळूहळू टाकीकडे बघणंही बंद. बघायचं कशाला? सिस्टिम आहे ना!

मग एका शनिवारी मामा आले. निफाडकडे त्यांची द्राक्षबाग आहे. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात काम होतं, म्हणून मुक्कामाला आमच्याकडे. चहाचा कप घेऊन ते टाकीसमोर उभे राहिले आणि दोन मिनिटं गप्प.

"पोरी, हिला नत्र मिळत नाहीये."

"मामा, रोज... म्हणजे दिवसाआड मिळतं. मशिन आहे."

"मशिन असंल. पण खालची जुनी पानं बघ, पिवळी पडून गळायला लागली. नवी पिवळी असती, तर म्हटलं असतं लोह कमी पडतंय. जुनी पिवळी म्हणजे नत्र. उपाशी झाड जुन्या पानातलं काढून नव्याला देतं."

मी टाकीखालचं कपाट उघडलं. बाटली अर्धी भरलेली. नळी मात्र आतल्या आत वळून वर आलेली, तिचं टोक पाण्याच्या बोटभर वर लटकत होतं. पंप सकाळी आठला इमानदारीत फिरत होता आणि टाकीला हवा पाजत होता. किती दिवस? कोणास ठाऊक. दोघांनीही अर्धी बाटली पाहिली होती.

"मला वाटलं तू मध्ये भरलीस," नवरोबा म्हणाले.

"मला वाटलं तू भरलीस."

घ्या! एवढा खटाटोप करून आम्ही पुन्हा तिथेच. पंपाने फक्त ओतायचं काम घेतलं होतं. कोणीतरी बघितलं असेल, असं समजण्याची सवय आमची होती आणि ती आमच्याकडेच राहिली. त्या महिन्यात एकमेकांच्या चेहऱ्याकडे तरी कितीसं बघितलं होतं, हा प्रश्न तेव्हाच डोक्यात आला. तो मी चहाबरोबर गिळला.

मामांनी तेवढ्यात पुड्या उचलल्या. चष्मा वर केला. "अगं, हे तर तेरा-शून्य-पंचेचाळीस! आणि हे शून्य-बावन्न-चौतीस! आमच्याकडे पंचवीस किलोची गोणी येते, आणि तू चमच्याने विकत घेतेस?" मग जावईबापूंचा तास सुरू झाला. ठिबकमधून विद्राव्य खत सोडतात तेव्हा कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेट एका टाकीत का कालवत नाहीत (तोच साका, इथे ड्रिपर चोक होतात), लॅटरलचं टोक उघडून का बघतात, पान-देठ परीक्षण कशासाठी करतात. आम्ही ज्याला लेटेस्ट गॅजेट समजत होतो, ते मामा कित्येक वर्षं एकरांवर चालवत होते.

"मग तुमचं सगळं ऑटोमॅटिकच की," नवरोबा म्हणाले.

"खत ऑटोमॅटिक. पण सकाळी बागेत चक्कर मारायची ती मारायचीच. ड्रिपर चोक झाला तर तो फोन करून सांगत नाही, जावईबापू. पान सांगतं."

आता आमच्याकडे नियम आहे. पंप आपलं काम करतो. रविवारी पाणी बदललं की दोघं चहा घेऊन टाकीसमोर बसायचं, दहा मिनिटं, फोन आतल्या खोलीत. पानं बघायची. मग आपोआप बाकीचंही बोलणं निघतं. परवा अशाच बोलण्यात कळलं की नवरोबा दोन महिन्यांपासून टीम बदलायचं म्हणतायत. मला वाटलं होतं, सगळं ठीक चाललंय. बाटली अर्धी भरलेली दिसत होती ना!

ट्राय करायचंय? मग हे वाचा

* पंप आधी साध्या पाण्यावर चालवा, एका मिनिटात किती मिली येतं ते मोजा. नळी झिजते, त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजा.
* बाटलीतल्या नळीच्या टोकाला छोटं वजन लावा किंवा ती कडक नळीत ओवा. (हे आम्ही अनुभवाने सांगतोय!)
* टाकीकडचं टोक पाण्याच्या वर ठेवा. बुडलं तर सायफन होऊन पाणी भलतीकडे जाऊ शकतं.
* द्रावण पातळ ठेवा. टायमर अडकून अख्खी बाटली टाकीत गेली तरी पाणी बदलून सावरता आलं पाहिजे.
* अर्धा ग्रॅम किचनच्या काट्यावर मोजता येत नाही. सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा घ्या.
* पुड्यांवर ठळक नाव लिहा आणि त्या किचनपासून लांब ठेवा. दिसायला अगदी मिठासारख्या असतात.
* बाटली भरली की तिच्यावर तारीख लिहा. आणि कोणी भरली, तेही!