फिशटँकमधलं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल आता मशीन करतं, पण सोडा ओतायची परवानगी त्याला द्यायची का?

गेल्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी मी पाच दिवस सिॲटलला होतो. घर ह्यूस्टनला. घरी हॉलमध्ये २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे, तिच्यात दोन क्लाउनफिश आणि कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ. रोज झोपायच्या आधी हॉटेलच्या खोलीत फोनवर ॲप उघडायचो. पहिल्या दिवशी आकडा ८.३, मग ८.१, ७.९, ७.८ आणि शेवटच्या रात्री ७.६. प्रत्येक आकड्याखाली डोस आपोआप वाढवल्याचा मेसेज. मला वाटलं कोरल वाढतायत, त्यांची भूक वाढलीय, मशीन सांभाळून घेतंय. निवांत झोपलो.

परत आलो तर ॲक्रोपोरा जातीच्या कोरलची टोकं पांढरीफटक पडलेली. हाताने टेस्ट केली. आकडा आला १२.३. विश्वास बसेना म्हणून पुन्हा केली. पुन्हा १२.३.

पुढच्या दोन आठवड्यांत माझ्या सातपैकी तीन कॉलनी मेल्या. त्यातली एक मी बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यापासून तीन वर्षं वाढवली होती. मशीन कुणाचं ते सांगत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. मोजणारं मशीन आणि ओतणारा पंप एकमेकांना जोडले की काय होतं, हा प्रश्न आहे. आणि सध्या सगळ्या कंपन्या ते जोडायच्याच मागे आहेत.

आधी हा आकडा कशाचा ते बघू

व्हिडिओ कॉलवर आईने एकदा मला पांढरी पावडर मोजताना पाहिलं. "अरे, माशांना खायचा सोडा कशाला घालतोस?" माशांना नाही आई, कोरलना. त्यावर तिचा पुढचा प्रश्न, "त्यांना ॲसिडिटी होते का?" हसू आलं, पण ती अगदीच चुकीची नव्हती.

पाण्याची ॲसिड पचवायची जी ताकद असते, तिला अल्कलिनिटी म्हणतात. समुद्राच्या पाण्यात ही ताकद मुख्यतः बायकार्बोनेटमुळे येते. कोरल पाण्यातून कॅल्शियम आणि बायकार्बोनेट उचलतात आणि त्यातून आपला दगडी सांगाडा बांधतात. हॉबीतले लोक ती डीकेएच नावाच्या जर्मन एककात मोजतात. समुद्रात ती साधारण ६.५ ते ७ डीकेएच असते, घरच्या टाकीत बहुतेक जण ७ ते ९ च्या दरम्यान ठेवतात. आकडा नेमका किती यापेक्षा तो स्थिर असणं जास्त महत्त्वाचं.

मग लोक कॅल्शियम सोडून अल्कलिनिटीच्याच मागे का लागतात? हिशोब करून बघा. कोरलनी लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम वापरलं की त्याबरोबर २.८ डीकेएच अल्कलिनिटीही जाते. पाण्यात कॅल्शियम असतं लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे त्यातलं फक्त ५ टक्के गेलं. पण अल्कलिनिटी ८.३ असेल तर तिचा एक तृतीयांश भाग गेला. एकाच खरेदीत एक पाकीट जेमतेम हललं आणि दुसरं रिकामं व्हायला आलं, असा प्रकार.

समुद्राला याने काही फरक पडत नाही, तो केवढा मोठा आहे. तिथेसुद्धा हे रसायनशास्त्र लागू पडतं मात्र. २०१४ साली ग्रेट बॅरियर रीफवरच्या वन ट्री बेटाजवळ शास्त्रज्ञांनी प्रवाळांवरून वाहणाऱ्या पाण्यात सोडियम हायड्रॉक्साईड मिसळून त्याची अल्कलिनिटी वाढवली, तेव्हा सांगाडा बांधायचा वेग सुमारे ७ टक्क्यांनी वाढला. २०१६ मध्ये 'नेचर'मध्ये त्यावर पेपर आला.

माझ्या २०० लिटरच्या टाकीत १ डीकेएच वाढवायला ६ ग्रॅम खायचा सोडा लागतो. एक चमचाभर. कोरल रोज दीड डीकेएच खात असतील तर रोज ९ ग्रॅम घालावा लागतो, आणि तोही एकदम नाही, दिवसभर थोडा थोडा. म्हणून छोटे पेरिस्टाल्टिक पंप लावतात. फिरणारे रोलर मऊ नळी दाबत जातात आणि आतला द्रव मिलिलिटरच्या हिशोबात पुढे सरकतो. हे पंप बरेच जुने आहेत, स्वस्तही झालेत.

नवीन काय आहे?

नवीन आहे ते मोजणारं मशीन. बारावीचं प्रॅक्टिकल आठवतंय ना? ब्युरेटमधून थेंब थेंब ॲसिड, फ्लास्कमध्ये मिथिल ऑरेंज, आणि रंग बदलला की "सर, रीडिंग!" हे मशीन नेमकं तेच टायट्रेशन करतं. एक पंप टाकीतलं ठरावीक पाणी छोट्या कपात घेतो, दुसरा पंप त्यात ॲसिड सोडतो. अल्कलिनिटी संपली की पाण्याचा पीएच धाडकन खाली येतो. तो क्षण पकडायचा, किती ॲसिड गेलं ते मोजायचं, आकडा फोनवर पाठवायचा. अमेरिकेतल्या नेपच्यून कंपनीचं ट्रायडेंट हा क्षण रंगावरून ओळखतं, हाँगकाँगच्या फोकस्ट्रॉनिकचं अल्कट्रॉनिक पीएच इलेक्ट्रोडवरून ओळखतं. दिवसातून चार-सहा वेळा हे चालतं, तुम्ही घरी असा किंवा नसा.

हाताने आठवड्याला एक टेस्ट करणाऱ्याला हे स्वप्नवत वाटतं, आणि मलाही अजून वाटतं. रात्री लाईट बंद असताना कोरल कमी खातात आणि दिवसा जास्त, हे मी पुस्तकात वाचलं होतं. स्वतःच्या टाकीत पहिल्यांदा पाहिलं ते या आलेखामुळेच.

पण मोजता यायला लागलं की पुढची पायरी मोहात पाडते. ॲपमध्ये एक स्विच असतो. तो चालू केला की आकडा ठरलेल्या पातळीच्या खाली गेल्यावर पंप आपोआप जास्त सोडा ओततो. मीही तो चालू केला. पातळी ८.० ठेवली. दिवसभर ऑफिसमध्ये मी अशाच लूपचा कोड लिहितो, त्यामुळे शंकाही आली नाही, हे जरा लाजिरवाणं आहे.

मग चुकलं काय?

मशीन उघडून पाहिलं. पाणी ओढणाऱ्या नळीचा एक जोड सैल झाला होता आणि तिथून पाण्याबरोबर हवा जात होती. कपात ५० मिलिलिटर पाणी यायला हवं होतं, आलं ३१. पाणी कमी, म्हणून ॲसिडही कमी लागलं. पण मशीन मात्र ५० मिलिलिटर धरूनच भागाकार करणार. १२.३ चे ५० पैकी ३१ काढा, ७.६ येतात. ॲपवर होता तोच आकडा.

हवा ॲसिडच्या नळीत गेली असती तर उलटं झालं असतं. पंप फिरला असता, ॲसिड गेलं नसतं, मशीनला वाटलं असतं बरंच ॲसिड लागलं, आणि आकडा जास्त दिसला असता. म्हणजे बिघाड तोच, जागा वेगळी, परिणाम बरोबर विरुद्ध. पंपाची नळी झिजली तरी हेच होतं, फक्त सावकाश.

खरी गंमत पुढे आहे. गळती हळूहळू वाढत होती, म्हणून आकडा खाली जाऊ पाहत होता. त्याच वेळी ओतलेल्या सोड्यामुळे खरी अल्कलिनिटी वर जात होती. दोघांनी मिळून एकमेकांना झाकलं, आणि मला दिसला एक शांत, किंचित उतरता आलेख. एखादा आकडा एकदम कोसळला असता तर मी घाबरून फोन केला असता, कुणाला तरी घरी पाठवलं असतं. चुकीचा आकडा समजूतदार दिसत होता हाच घोटाळा.

आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीला वॉटर लेव्हल कंट्रोलर असतो. सेन्सरवर शेवाळ चढलं की त्याला टाकी रिकामीच वाटते आणि मोटर चालूच राहते. पण तिथे पाणी ओसंडून खाली येतं, शेजारचे काका ओरडतात, "अहो, टाकी भरली तुमची!" माझ्या टाकीत ओसंडलेला सोडा कुणालाच दिसत नव्हता. पाणी तेवढंच स्वच्छ, मासे तसेच हिंडत होते.

आणि तरीही पुरावा मशीनकडे होता! नेहमीपेक्षा २४ ग्रॅम सोडा जास्त ओतला गेला होता, त्याची नोंद त्याच ॲपमध्ये होती. २०० लिटरमध्ये २४ ग्रॅम म्हणजे ४ डीकेएच. एवढं ओतूनही आकडा वाढत नसेल तर दोनच शक्यता उरतात: कोरलची भूक पाच दिवसांत जवळपास दीडपट झाली, किंवा मोजमाप चुकतंय. कोरल महिन्याला काही मिलिमीटर वाढणारा जीव आहे, त्याची भूक अशी उडी मारत नाही. हा भागाकार करायला आठ-दहा ओळींचा कोड लागतो. माझ्या ॲपमध्ये अल्कलिनिटी कमी झाल्याचा अलार्म होता, जास्त झाल्याचा होता, पण डोस विचित्र वाढल्याचा नव्हता. मला तरी ही चूक केमिस्ट्रीची वाटत नाही. ती सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची, म्हणजे आमच्या जमातीची आहे. आलेख सुंदर काढतो, पण आपलाच सेन्सर खोटं बोलत असेल ही शक्यता धरत नाही.

दुसरी गोष्ट दिशेची. अल्कलिनिटी हळूहळू कमी झाली तर कोरलची वाढ मंदावते, तुमच्याकडे काही दिवस असतात. ती झपाट्याने वाढली तर टोकं जळतात आणि मग करण्यासारखं फारसं काही उरत नाही. धोका दोन्ही बाजूंना सारखा नाही, मग मशीनला दोन्ही बाजूंना सारखी मोकळीक का? डोस कमी करायचा किंवा थांबवायचा असेल तर खुशाल करावा. वाढवायचा असेल तर रोजच्या डोसच्या १० टक्क्यांपर्यंत, त्यापुढे मला विचारावं. काही कंपन्या अशी मर्यादा देतात, पण सेटिंगच्या तिसऱ्या-चौथ्या पानावर. ती पहिल्या पानावर हवी आणि बाय डिफॉल्ट चालू हवी.

क्लाऊडचा विषय थोडक्यात. २० ऑक्टोबर २०२५ ला ॲमेझॉनच्या क्लाऊडमध्ये बिघाड झाला तेव्हा इथल्या काही लोकांच्या स्मार्ट गाद्यासुद्धा अडकल्या, तापमान बदलता येईना. त्याच महिन्यात गूगलने नेस्ट थर्मोस्टॅटच्या पहिल्या दोन पिढ्यांचा ॲप सपोर्ट बंद केला. भिंतीवरचं यंत्र चालू, फोनवरून मात्र गायब. टाकीसाठी असं काही घेणार असाल तर एक प्रश्न नक्की विचारा: इंटरनेट गेल्यावर डोसचं वेळापत्रक मशीनमध्येच राहतं का? ज्यांना स्वतः जोडायची हौस आहे त्यांच्यासाठी रीफ-पाय नावाचा ओपन सोर्स प्रकल्प आहे. गो भाषेत लिहिलेला, रास्पबेरी पायवर चालतो, दिवे, तापमान, डोसिंग सगळं घरातल्या घरात. मी सध्या त्याचा कोड वाचतोय.

खर्चाचंही बोलायला हवं. मशीनला शेकडो डॉलर लागतात, आणि ॲसिडच्या किंवा रिएजंटच्या बाटल्या पुन्हा पुन्हा विकत घ्याव्या लागतात. प्रिंटर घेतला आणि मग आयुष्यभर कार्ट्रिज घेत बसलो, तसं.

भारतात वाचणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. व्हिडिओ बघून लगेच कोरल शोधायला निघू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत रीफ बांधणारी सगळी प्रवाळं आहेत, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच त्यांना. समुद्रातून तुकडा तोडून आणणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे, दुकानदार काहीही सांगो. प्रवाळ बघायचेच असतील तर मालवणला जा, पाण्यात उतरा, हात न लावता बघा. तिथे अल्कलिनिटी सांभाळायचं काम समुद्र करतो.

माझ्या टाकीत मशीन अजून आहे. तो स्विच मी बंद केलाय. मशीन मोजतं, पंप टाइमरवर ठरलेला डोस देतो आणि डोस बदलायचा असेल तर मी बदलतो. गावाला जाताना सोड्याच्या बाटलीत तेवढ्या दिवसांपुरताच सोडा भरून ठेवतो, कारण सॉफ्टवेअर काहीही करो, बाटलीत नसलेला सोडा पंप ओतू शकत नाही. आणि रविवारी सकाळी चहा झाला की थेंबांचं साधं किट घेऊन हाताने टेस्ट करतो. या रविवारी किट म्हणालं ८.१, मशीन म्हणालं ८.२७. ते दोन दशांश मी आता फारसे मनावर घेत नाही.